खिशातल्या कॅमेऱ्याचा फुगीर आकडा

माळ्यावर पडलेले छोटे डिजिटल कॅमेरे गेल्या काही वर्षांत पुन्हा बाहेर निघू लागले आहेत. त्यांच्या चित्रांतील भगभगीत फ्लॅश आणि उडालेले रंग महाविद्यालयीन तरुणांना मोहक वाटतात. परिणामी जुन्या मालाचा भावही वधारला आहे. हौसेला मोल नसते, हे मान्य. परंतु ज्या दोषांत आज गोडी वाटते, ते त्या वेळच्या गिऱ्हाइकाने हौसेने विकत घेतले नव्हते. एका फुगीर आकड्याआड ते झाकले गेले होते.

जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. त्यांतील बहुसंख्य खिशात मावणारे होते. त्यांच्या खोक्यावर ठळक छापलेला असे तो मेगापिक्सेलचा, म्हणजे दहा-दहा लाख बिंदूंच्या मोजणीचा आकडा. आज ८, उद्या १२, परवा १६! अल्बममधील ४ बाय ६ इंचांच्या छायाचित्राला, इंचाला ३०० बिंदू धरले तरी, सुमारे २२ लाख बिंदू पुरतात, हे मात्र दुकानदार सांगत नसे. शिवाय हे बिंदू बसवावयाचे कोठे? बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक सुमारे २८ चौरस मिलिमीटरांचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मवरील एका चौकटीच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाएवढा. त्याचे माप '१/२.३ इंच' असे लिहीत. हिशेबाने ते ११ मिलिमीटर भरते. प्रत्यक्षात संवेदकाचा कर्ण ८ मिलिमीटरही नसतो. दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांतील काचनळीच्या बाहेरील व्यासावरून आलेली ही रीत नळी गेल्यावरही टिकली. कोणाच्या सोयीसाठी, हे सांगावयास नको.

उन्हात हे सारे खपून जाते. कसोटी लागते ती सभागृहात. स्नेहसंमेलनात मुलगी रंगमंचावर आणि पालक दहाव्या रांगेत. चिमुकल्या फ्लॅशची धाव बहुधा तीन-चार मीटरांची. तो उजळतो पुढच्या रांगेतील डोकी! फ्लॅश बंद करावा, तर मंद प्रकाशात चित्रावर रवाळ ठिपके उमटतात आणि ते पुसण्याच्या भरात कॅमेरा चेहऱ्याची रेषा व साडीची जर दोन्ही पुसून टाकतो. कळ दाबल्यापासून चित्र टिपले जाईपर्यंतच्या विलंबात गिरकी संपलेली असते, ती वेगळीच. पगारातून पैसे साठवून कॅमेरा घेणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला तो प्रसंग पुन्हा मिळत नाही. आपलाच हात हलला असावा, असे त्याला वाटत राहते.

हे अटळ होते काय? कॅननने २००८ मध्ये 'जी-१०' या कॅमेऱ्यात सुमारे १ कोटी ४७ लाख बिंदू दिले आणि पुढच्याच वर्षी 'जी-११' मध्ये ते एक कोटीवर आणले. मंद प्रकाशातील चित्र सुधारावे, हा हेतू. अर्थात तो कॅमेरा महागडा होता. स्वस्त कॅमेऱ्यांत आकडा चढतच राहिला.

पुढे मोबाइल फोनने हा बाजारच गिळला. आकड्याची खोड मात्र वारशाने त्याच्याकडे गेली. २०० मेगापिक्सेल मिरविणारे फोन सोळा-सोळा बिंदू एकत्र करून एरवी साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र हाती देतात. बिस्किटांच्या पुड्यावर निव्वळ वजन छापण्याची सक्ती आहे. तशीच संवेदकाची लांबी-रुंदी मिलिमीटरांत आणि कळ व चित्र यांमधील विलंब सेकंदांत खोक्यावर छापावयास लावण्यात सरकारला अडचण कोणती?