स्वामी, सेवक आणि सख्य

एक राजपुत्र आपल्या सोबत्यांसह एका नोकराची थट्टा करीत उभा आहे. नोकराच्या हाती नेमबाजीचा लाकडी फलक द्यावयाचा, त्याला पळावयास लावावयाचे आणि त्या पळत्या फलकावर सुरे फेकावयाचे, असा तो खेळ. भोवतालची मंडळी हसत आहेत. त्या नगरात नुकतेच पाऊल टाकलेला एक खेडवळ पोरगा तेवढा हसत नाही. तो पुढे होतो आणि आता हे पुरे झाले, असे राजपुत्राला तोंडावर सांगतो. समोर उभा आहे तो कोण, याची त्याला कल्पना नसते. ती येते तेव्हा त्याची रवानगी कोठडीत होते.

‘बीबीसी’च्या ‘मर्लिन’ या मालिकेतील नायकद्वयाची ही पहिली भेट. २० सप्टेंबर २००८ रोजी सुरू झालेली ही मालिका ५ पर्वे आणि ६५ भाग चालून २४ डिसेंबर २०१२ रोजी संपली. शनिवारी संध्याकाळी सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावी, अशा बेताने ती रचलेली होती. त्यामुळे तिच्यातले राक्षस कधी कधी फारच बाळबोध वाटतात आणि विनोदही काही ठिकाणी शाळकरी आहे. तथापि या पोरकट वाटणाऱ्या वेष्टनाच्या आत एक प्रौढ प्रश्न दडलेला आहे. जो कधीही कामावरून काढून टाकू शकतो तो स्वामी आणि जो केव्हाही काढला जाऊ शकतो तो सेवक, या दोघांत खरोखर मैत्री होऊ शकते काय? आणि झालीच, तर ती कुठवर जाऊ शकते?

मूळ आर्थरकथा ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या लक्षात एक गोष्ट चटकन येईल. परंपरेतील मर्लिन हा कोणाचा नोकर नव्हे. जेफ्री ऑफ मॉन्मथ याने बाराव्या शतकात, सन ११३६ च्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन इतिवृत्तात मर्लिन हा द्रष्टा आहे. आर्थरचा जन्मच मुळी त्याच्या मायेने घडून येतो. थॉमस मॅलरीच्या १४८५ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात तो राजाचा मंत्री आहे. टी. एच. व्हाइट या इंग्रज कादंबरीकाराने १९३८ मध्ये त्याला बालवयातील आर्थरचा विक्षिप्त, प्रेमळ गुरू केले. म्हणजे आठ शतके मर्लिन वयाने, ज्ञानाने आणि मानाने आर्थरच्या वरच्याच पायरीवर राहिला. मालिकेच्या कर्त्यांनी ही पायरीच उलटी केली. दोघे समवयस्क केले आणि गुरूच्या हाती बूट पुसण्याचे फडके दिले. धन्यापेक्षा शहाणा नोकर ही इंग्रजी साहित्याची जुनी आवड आहे. वुडहाउसचा जीव्ह्‌ज मराठी वाचकालाही परका नाही. पण जीव्ह्‌जची हुशारी उघड असते, धनी तिच्यावर बिनदिक्कत विसंबतो. मर्लिनला आपले सामर्थ्य लपवावे लागते. आर्थरचा पिता उथर याने राज्यात मंत्रविद्येवर बंदी घातली आहे आणि तिचा दंड मृत्यू आहे. मर्लिन नगरात येतो तोच एका मांत्रिकाचा शिरच्छेद पाहत. ही विद्या तर त्याच्या रक्तात जन्मापासूनच आहे.

अशा स्थितीत एका मेजवानीच्या प्रसंगी तो गुप्त विद्येच्या बळावर आर्थरचे प्राण वाचवतो. राजा प्रसन्न होतो आणि बक्षीस म्हणून त्याला आर्थरचा खासगी सेवक नेमतो. बक्षीस मिळणारा आणि ज्याच्या पदरी ते पडते तो, दोघांचेही चेहरे त्या क्षणी सारखेच उतरलेले असतात!

मैत्री कशी वाढते, हे दाखवताना मालिका घाई करीत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू होय. दुसऱ्याच भागात एक सरदार द्वंद्वयुद्धात मायावी ढाल वापरतो आहे, हे मर्लिनला कळते. आर्थर त्याच्या शब्दावर विसंबून भर दरबारात आरोप करतो. पुरावा ऐन वेळी हाती राहत नाही. सरदाराच्या शब्दापुढे नोकराच्या शब्दाला दरबारात काडीची किंमत नसते आणि हसे होते ते राजपुत्राचे. संतापलेला आर्थर मर्लिनला तिथल्या तिथे कामावरून काढून टाकतो. पुढे सत्य सिद्ध होते आणि तो परत कामावर येतो, हे खरे. पण नोकराचे खरे बोलणे धन्याला महाग पडले की शिक्षा नोकराला होते, हा धडा त्या पोराने इतक्या लवकर गिरवला, हे विसरू नये. तो पुढे कामास येणार आहे.

चौथ्या भागात आर्थरसाठी आलेल्या पेल्यात विष आहे, असे मर्लिन सांगतो. खात्री करून घेण्यासाठी उथर तोच पेला त्याला प्यावयास लावतो. नोकर कोसळतो. त्याच्यावरचा उतारा म्हणजे दूरच्या गुहेत उगवणारे एक फूल. एका नोकरासाठी युवराजाने जीव धोक्यात घालू नये, अशी राजाज्ञा असते. ती मोडून आर्थर जातो, फूल आणतो आणि परतल्यावर स्वतः कोठडीत पडतो. मालिकेतील मैत्रीचा खरा आरंभ इथे आहे. आर्थरने नोकराला दयेने काही दिले, यात नवल नव्हते. राजे देतच असतात. नवल हे की नोकरासाठी त्याने स्वतःचे काही गमावले. दहाव्या भागात लुटारूंनी गांजलेल्या मर्लिनच्या खेड्याच्या मदतीला तो बापाची परवानगी नसताना जातो आणि मातीच्या जमिनीवर त्याच्या शेजारी झोपतो. अकराव्या भागात दोन पेले समोर येतात. दोघांपैकी एकाने विष पिणे भाग असते. दोघेही हट्टाला पेटतात. अखेर आर्थर दोन्ही पेले एकत्र ओतून स्वतः पिऊन टाकतो. (ते विष नसते, हे प्रेक्षकाला नंतर कळते. पिणाऱ्याला ते ठाऊक नव्हते.)

या सगळ्यात आर्थरच्या तोंडी मर्लिनबद्दल एकही गोड शब्द जवळपास येत नाही. तो त्याला मूर्ख म्हणतो, आळशी म्हणतो, हाताला येईल ती वस्तू त्याच्यावर फेकतो. मर्लिनही उलट उत्तरे देतो. इतर कोणा नोकराने ती दिली असती तर त्याची धडगत नव्हती. स्नेहाची भाषा या दोघांत अशी शिव्यांच्या वेषात वावरते. पण खरा शब्द येतो तेव्हा तो मोजकाच येतो. चौथ्या पर्वात उथर मरण पावतो. आर्थर रात्रभर पित्याच्या शवापाशी एकटा बसतो. पहाटे दार उघडतो तेव्हा मर्लिन बाहेर बसलेला असतो. तोही रात्रभर तिथेच होता, धन्याला एकटे वाटू नये म्हणून. आर्थर त्याला निष्ठावान मित्र म्हणतो. या प्रसंगातील विदारकता अशी की, उथरला मंत्रविद्येने वाचवण्याचा प्रयत्न वेष पालटून मर्लिननेच केला होता. मॉर्गानाच्या कपटाने तो उलटला आणि मंत्रविद्या ही मुळातच दुष्ट, असे आर्थरचे मत त्याच रात्री पक्के झाले. म्हणजे मैत्री ज्या क्षणी शब्दांत उतरली, त्याच क्षणी मित्राचे सत्य सांगण्याची वाट बंद झाली.

आपल्याकडे नवविधा भक्तीचा क्रम लावताना दास्य सातवे, सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे सांगितले आहे. ‘निवेदन’ या शब्दाचा तेथील अर्थ समर्पणाचा आहे, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की दास्यातून सख्याकडे जाण्याचा मार्ग मर्लिनने झपाट्याने चालून टाकला, आणि नवव्या पायरीवर, आपण कोण आहोत हे मित्राला सांगण्यापाशी, तो वर्षानुवर्षे अडून राहिला. पैठणला नाथांच्या घरी बारा वर्षे कावडीने पाणी भरणाऱ्या श्रीखंड्याची कथा मराठी प्रेक्षकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्हीकडे थोर तो सेवकाच्या वेषात आणि धनी अनभिज्ञ. पण श्रीखंड्या ओळख लपवतो ती प्रेमाने. मर्लिन लपवतो ती फासाच्या, सुळाच्या भयाने. हा फरक लहान नाही.

या भयाचे मोल किती, हे पाचव्या पर्वाच्या पाचव्या भागात दिसते. मालिकेचा खरा कळस हाच भाग, असे म्हणावे लागते. शेवटच्या भागाचे कौतुक बरेच झाले, या भागाचे व्हावे तेवढे झाले नाही. आर्थर आता राजा आहे. त्याचा तरुण सरदार मॉर्ड्रेड मरणाच्या दारी आहे. जुन्या धर्माच्या पुजारिणी राजाला सांगतात की, त्याने तो धर्म आणि त्याची विद्या यांना आपल्या राज्यात स्थान द्यावे, तर मॉर्ड्रेड वाचेल. राजा रानात शेकोटीपाशी बसून विचार करतो आणि मर्लिनकडे वळून विचारतो, काय करू? ज्या प्रश्नाची मर्लिनने इतकी वर्षे वाट पाहिली, तो प्रश्न असा आपल्या पायांनी चालत येतो. राजाचे मन खरोखर उघडे आहे. आणि मर्लिन डोळ्यांत पाणी आणून उत्तर देतो की, कॅमेलॉटमध्ये मंत्रविद्येला स्थान असू शकत नाही.

त्याच्या उत्तरामागे हिशेब आहे. मॉर्ड्रेडच्या हातून आर्थरचा मृत्यू आहे, हे भाकीत त्याने ऐकलेले आहे, तेव्हा मॉर्ड्रेड मेलेला बरा. परंतु राजाचा नकार हीच त्याची शिक्षा ठरते. दोघे परततात तो मॉर्ड्रेड उठून सामोरा येतो. पुढे तोच आर्थरला रणात मारतो. नियतीचा हा खेळ नाट्यदृष्ट्या उत्तम आहे. पण त्याहून महत्त्वाचे ते त्या शेकोटीपाशी घडले. विश्वासू सेवकाने राजाला कटू सत्य सांगावे, हा सर्व राजनीतींचा पहिला पाठ आहे. इथे राजाने सत्य मागितले आणि मित्राने ते दिले नाही. दोष कोणाचा? मर्लिनचा आहेच, तो नाकारता येत नाही. पण ज्या राजवाड्यात खरे बोलण्याचे फळ त्याने दुसऱ्याच भागात चाखले आणि जिथला कायदा त्याच्या मानेवर टांगलेला आहे, तिथे एका रात्रीच्या प्रश्नाने जीभ सैल व्हावी कशी? आर्थरने मित्रासाठी विषाचा पेला रिचवला, बापाची आज्ञा मोडली. कायद्याला मात्र त्याने हात लावला नाही. कारण त्या कायद्याने आपला मित्र रोज मरतो आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते, आणि ते ठाऊक करून देण्याची सोय त्या कायद्यानेच ठेवलेली नव्हती.

मध्यमवर्गीय घराला हा पेच वाटतो तितका दूरचा नाही. ‘आमच्या मावशी घरातल्याच आहेत’ हे वाक्य शहरांतील कितीतरी घरांत मनापासून उच्चारले जाते. वीस वर्षे त्या येतात, मुले त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली असतात, दुखण्याखुपण्यात दोन्हीकडून धावाधाव होते. हा जिव्हाळा खोटा नसतो. तरीही चहाचा कप वेगळ्या फडताळात असतो आणि महिन्याला सुट्या किती, हे कोणी ठरवलेले नसते. पगार वाढवायला हवा का, असे एखाद्या दिवशी प्रेमाने विचारले, तर मावशी पदराला हात पुसत ‘तुम्ही द्याल ते’ म्हणतात. ते उत्तर शेकोटीपाशी बसलेल्या मर्लिनचे असते. विचारणारा प्रामाणिक असतो, हीच तर त्यातली अडचण आहे.

मालिकेचा शेवट या पेचाला पूर्णपणे सामोरा जातो काय? अर्धाच जातो. कॅमलॅनच्या युद्धात मॉर्ड्रेडचा घाव बसल्यावर मर्लिन अखेर सांगतो की, आपण मांत्रिक आहोत. आर्थर आधी दूर सरकतो, त्याला जवळ येऊ देत नाही. मग अ‍ॅव्हलॉनच्या सरोवराकडे जाणाऱ्या वाटेवर त्याला एकेक प्रसंग नव्याने उलगडत जातो. आधीच का सांगितले नाहीस, असे तो विचारतो. तुम्ही माझे डोके उडवले असते, असे मर्लिन म्हणतो. आर्थर ते नाकारत नाही, आपण काय केले असते हे त्यालाही सांगता येत नाही. उभयतांच्या सर्व संवादांत याइतका सच्चा संवाद दुसरा नाही. सरोवर गाठण्यापूर्वी आर्थर त्याला आजवर कधी न म्हटलेला शब्द म्हणतो, आभाराचा. कॉलिन मॉर्गन आणि ब्रॅडली जेम्स या दोन तरुण नटांनी हा भाग ज्या संयमाने केला आहे, त्याला तोड नाही.

मात्र त्याच वाटेवर मर्लिनच्या तोंडी आपण सेवा करण्यासाठीच जन्मलो आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे, अशा आशयाचे बोलणे येते. इथे लेखकांनी सोपी वाट धरली. ऐकायला ते गोड आहे. पण लोहाराची मुलगी आणि मॉर्गानाची दासी असलेली ग्विन याच मालिकेत राणी होते, आणि राज्य ज्याने दहा वेळा वाचवले तो मात्र अखेरपर्यंत चिलखत घासत राहतो. प्रेमाला या कथेत सिंहासन मिळाले, मैत्रीला मिळाले नाही.

आर्थर मरतो आणि राज्य ग्वेनिव्हियरकडे येते. रणात विजेचा लोळ उतरवणारा तो वृद्ध मांत्रिक कोण होता, हे तिला तोवर उमगलेले असते. उथरचा कायदा तिने रद्द केला की नाही, हे मालिका दाखवत नाही.