१४ फेब्रुवारी आणि आपलं हळदीकुंकू



१४ फेब्रुवारी म्हटलं की आपल्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडायची. गुलाब, फुगे, हॉटेलातली महागडी जेवणं, हे आपलं नव्हे, असं मी मुलांना कितीदा तरी सुनावलंय. गेल्या वर्षी मात्र मी मुलाकडे फिनलंडला, हेलसिंकीशेजारच्या एस्पो शहरात होते आणि तो दिवस चक्क साजरा केला. आमचे हे तेव्हा इकडे सांगलीत. मी साजरा केला तो मैत्रिणींबरोबर.

तिथे या दिवसाचं नावच ‘उस्तावानपाइवा’, म्हणजे मित्रदिन. १९८७ पासून तो तिथल्या कॅलेंडरवर याच नावाने आहे. जोडपी साजरा करतातच, पण शाळेतली मुलं, शेजारीपाजारी, मित्रमैत्रिणीही एकमेकांना कार्डं देतात.

आम्ही पाचजणी जमलो. सूनबाई, मी, इमारतीतली एक गुजराती जैन मुलगी, एक तेलुगू बाई आणि वरच्या मजल्यावरच्या फिनिश आजी. फेब्रुवारीत तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी दोनलाच बसलो. माझे बेसनाचे लाडू आणि कच्च्या केळ्याची टिक्की होती. तिथला पुल्ला नावाचा गोड पाव वेलदोडा घालून करतात, पण त्यात बहुधा अंडं असतं. आजींनी आमच्यासाठी मुद्दाम बिनअंड्याचा भाजून आणला. परदेशी जाणाऱ्यांसाठी एक सांगते. युरोपात पाकिटावर अंडं ठळक अक्षरात छापतात, जिलेटिन मात्र तसं ठळक छापायची सक्ती नाही. फिनिशमध्ये त्याला ‘लीवाते’ म्हणतात. गोळ्या-चॉकलेट घेताना हा शब्द शोधा.

निघायच्या वेळी सवयीने मी कुंकवाचा करंडा काढला. दोघींना लावलं आणि आजींसमोर माझा हात थांबला. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले. हात का थांबला, हे त्यांना काय कळणार? त्यांनी हसून कपाळ पुढे केलं. मी लावलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढे माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. भाऊजी गेल्यापासून चार वर्षं मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. शेजारच्या गल्लीत तर राहतात!

आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, कशासाठी? डोळ्यांना न दिसणारा जीवही दुखावू नये म्हणून. मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या चार भावना आपण पाठ करतो. त्यातली पहिली मैत्री, तीही सर्व जीवांशी. मग नवरा गेला म्हणून घरातलीच बाई यादीतून वगळायची, हे कुठल्या हिशेबात बसतं? हळदीकुंकू हा लोकाचार आहे, ते काही आपलं व्रत नाही. लोकांनी सुरू केलेलं लोकांना बदलता येतं.

कुणी म्हणेल, त्यांनाच यायला आवडत नाही. असेल. पण ते त्यांनी सांगायचं, आपण परस्पर ठरवायचं नाही.

यंदा संक्रांतीला मी स्वतः जाऊन बोलावलं. ‘नको गं, लोक काय म्हणतील?’ असं म्हणत सगळ्यांच्या शेवटी आल्या, दाराजवळ बसल्या. वाण आणि तिळगूळ घेतला, कुंकू नको म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. जाताना म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी लाडू मी करून आणते.’

परक्यांचा सण करावा का, यावर आपण खुशाल वाद घालू. मला त्या सणाने माझ्याच घरातली रिकामी जागा दाखवली. पुढच्या संक्रांतीला आपापली यादी पुन्हा एकदा वाचा मैत्रिणींनो, आणि कुणाचं नाव राहून गेलंय ते बघा.