तारेच्या रंगावर जाऊ नका

गेल्या शनिवारी काहीच लिहिलं नाही, कारण दिवसभर डायनिंग टेबलवर भाच्याची आर्केड स्टिक उघडून बसलो होतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: पूर्वी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक दांडा आणि सहा बटणांचं जे पॅनल असायचं, तेच खोक्यात बसवून यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचं. ह्या पठ्ठ्याने पहिल्या स्टायपेंडमधून ती सेकंडहॅन्ड घेतली. दांडा आणि बटणं जपानच्या सान्वा कंपनीची, आत मूळ सर्किट काढून रास्पबेरी पाय पिको बसवलेला, त्यावर जीपी२०४०-सीई हे मोफत फर्मवेअर. काम देखणं होतं, खोटं कशाला बोला. फक्त मागे यूएसबीचं सॉकेट नव्हतं, आरजे-४५ होतं, म्हणजे आपलं नेटवर्कचं. सोबत खास केबल: एका टोकाला नेटवर्कची क्लिप, दुसऱ्याला यूएसबी. ती केबल हॉस्टेलमधल्या उंदराने खाल्ली.

"मामा, तू इंजिनियर आहेस ना? नवीन बनवून दे."

आता ह्याला नाही कसं म्हणणार? झाकण उघडलं. सॉकेटपासून पिकोपर्यंत लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा चार तारा. यूएसबीचे हेच रंग: लाल म्हणजे ५ व्होल्ट, पांढरी डी-मायनस, हिरवी डी-प्लस, काळी ग्राउंड. रंगाला रंग जुळवून अर्ध्या तासात केबल तयार केली, मीटर लावून बीप-बीपही करून पाहिलं, आणि मोठ्या ऐटीत लॅपटॉपला लावली. 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड.'

पुढचे दोन तास मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. दुसरं पोर्ट, दुसरा लॅपटॉप, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला बिघाड नेहमी सॉफ्टवेअरमध्येच दिसतो, कारण तिथे हात काळे होत नाहीत. शेवटी पिकोच्या स्वतःच्या मायक्रो-यूएसबी पोर्टला साधी केबल लावली, तर स्टिक झटक्यात सुरू! म्हणजे बोर्ड ठीक, फर्मवेअर ठीक. घोळ मधल्या तारांत.

खरा सुगावा मिळाला लिनक्सच्या लॉगमध्ये. नवी केबल लावल्यावर तिथे ओळ आली, 'न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस', आणि तिच्याखाली एरर -७१. आता गंमत बघा. यूएसबी उपकरण आपला वेग सांगतं ते एका साध्या रेझिस्टरने. दोन डेटा तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टकडे ओढलेली असते. डी-प्लस ओढली असेल तर फुल-स्पीड, १२ मेगाबिट. डी-मायनस असेल तर लो-स्पीड, दीड मेगाबिट. पिको फुल-स्पीडवर चालतो. मग लॅपटॉपला तो लो-स्पीड का दिसावा? दोन्ही तारांची अदलाबदल झाली असेल तरच!

मीटर काढलं. पिकोच्या पाठीवर टीपी२ आणि टीपी३ असे दोन छोटे पॅड असतात, डी-मायनस आणि डी-प्लस. आधीच्या कारागिराने हिरवी टीपी२ला आणि पांढरी टीपी३ला डकवली होती. बरोब्बर उलटी. आणि उंदराने खाल्लेली केबल चालत होती, म्हणजे तीही उलटीच असणार. एक चूक दुसऱ्या चुकीने झाकलेली, दोघी मिळून सुखाने नांदत होत्या. चूक कळल्यावर त्याने सोपं टोक बदललं असेल आणि "चालतंय ना? मग झालं" म्हणून झाकण लावलं असेल. आपण ऑफिसात हे रोज करतो म्हणा.

मी केबल तपासली, पण आतल्या तारा तपासल्याच नाहीत, रंगावर विश्वास ठेवला. उलटी जोडणी डेटाची होती म्हणून निभावलं. त्याच हिरव्या तारेवर ५ व्होल्ट असते तर? ३.३ व्होल्टवर चालणारी चिप वाचण्याची आशा कमीच होती, आणि पोराचा स्टायपेंड माझ्या हातून गेला असता.

भाचा म्हणाला, "मामा, केबलमध्येच उलट कर ना. पाच मिनिटांचं काम." मी नाही म्हटलं. केबल हरवते, तुटते, उंदीर खातो. बदलायची वस्तू सरळ हवी आणि वेडेपणा असलाच तर तो खोक्यात कोंडलेला हवा. पिकोचे पॅड पुन्हा तापवले तर उखडून येण्याची भीती, म्हणून तारांची अदलाबदल सॉकेटच्या टोकाला केली.

आरजे-४५बद्दलही माझी तक्रार आहे. ही मंडळी ते का वापरतात ते कळतं: क्लिपमुळे ऐन मॅचमध्ये केबल निसटत नाही, आणि नुसती केबल बदलून एकच स्टिक वेगवेगळ्या कन्सोलला लावता येते. पण सॉकेटचा आकार हेही एक आश्वासनच असतं की. उद्या कुणी तिथे घरातली नेटवर्कची वायर खुपसली तर? नियमाने चालणारा पीओई आधी समोर कोण आहे ते विचारतो. स्वस्तातले पॅसिव्ह इंजेक्टर मात्र न विचारता २४ किंवा ४८ व्होल्ट सोडतात.

स्वतःची वस्तू असेल, कधी विकायची नसेल, तर कुणी हवी तशी जोडावी. पण ह्या स्टिक हातोहात विकल्या जातात, आणि दुसऱ्या मालकाला मिळतं ते बंद खोकं. झाकणाच्या आत चार ओळींची चिठ्ठी चिकटवायला किती वेळ लागतो? माझी चिठ्ठी अशी: सॉकेटची कुठली पिन कशासाठी, आतली हिरवी म्हणजे डी-मायनस, पांढरी म्हणजे डी-प्लस, आणि सगळ्यात वर 'हे नेटवर्क नाही'.

भाच्याने ती वाचायचा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि कागद मागून घेऊन स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढली.