गिफ्ट पेपर आणि ईदचा रुमाल

डिसेंबर लागला की आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो. नाताळच्या शुभेच्छा देऊ नका, केक खाऊ नका, भेट घेऊ नका. गेल्या वर्षी तो आला तेव्हा मी घरात फरशीवर बसून लाल-हिरवा गिफ्ट पेपर कापत होतो.

मुलीच्या वर्गात चिठ्ठ्या काढल्या होत्या. ज्याचं नाव निघेल त्याला पन्नास रुपयांच्या आतली वस्तू कागदात बांधून द्यायची, आपलं नाव सांगायचं नाही. तिने खडूंची पेटी घेतली होती. धाकट्या भावाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "भाईजान, हे वाचलं का?" मुलगी कात्री धरून माझ्याकडे बघत राहिली.

शहापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी. तिथल्या नोकरीसाठी देशभरातून माणसं आली, आपापले सण घेऊन आली. ओळखीच्या एका केरळी ख्रिस्ती घरातून आम्हाला दर नाताळला केक येतो, आमच्याकडून ईदला शिरखुर्मा जातो. आता त्यांना काय सांगायचं, की ग्रुपवर मनाई आली आहे?

आधी कागदाचं बोलू. हा रंगीत कागद चर्चमधून आलेला नाही. १९१७ च्या नाताळात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये हॉल बंधूंच्या दुकानातला साधा पातळ कागद संपला. त्यांनी लिफाफ्यांना आतून लावायचा नक्षीदार कागद विकायला ठेवला आणि तो हातोहात खपला. पुढे याच दुकानाची हॉलमार्क कंपनी झाली. पारदर्शक चिकटपट्टी तर १९३० सालची. दुकानदारीला इबादत समजून घाबरण्यात अर्थ नाही.

आणि भेटीचं म्हणाल, तर अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, शेजारच्या यहुद्याला वाटा दिला का? तिर्मिजीत ही हदीस आहे. इजिप्तचा ख्रिस्ती अधिपती मुकौकिस याने पाठवलेल्या भेटी खुद्द पैगंबरांनी (स.) स्वीकारल्या. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलाईने वागायला मनाई नाही, असं सूरह मुम्तहिनाची आठवी आयत सांगते. हजरत ईसा आमच्यासाठी पैगंबर आहेत, ख्रिस्ती त्यांना देवाचा पुत्र मानतात. हा फरक मोठा आहे आणि तो मी झाकत नाही. शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, तेही मला माहीत आहे. पण खडूंच्या पेटीने कुणाचा अकीदा बिघडत नाही.

मला त्या कागदावरून अम्मीचा रुमाल आठवला. ईदच्या दिवशी तबकात वाट्या मांडून ती वर क्रोशाचा रुमाल टाकायची. माशा बसतात म्हणून का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "माशांसाठी ताटलीही पुरे. कुणाच्या घरून काय चाललंय, ते रस्त्याने मोजू नये." ज्या वर्षी अब्बांचं काम सुटलं होतं, त्या ईदला वाट्यांत नुसत्या शेवया आणि दूध होतं. बदाम नाही, खारीक नाही. रुमाल मात्र तोच होता. तबक घेऊन मी ताठ मानेने गल्लीतून गेलो. परत येताना वाट्यांत साखर होती, कारण रिकामं भांडं परत करायचं नाही, हा रिवाज हिंदू शेजारणीही पाळत. गोव्यातही ख्रिस्ती घरांतून नाताळला नेवऱ्या आणि दोदोल हिंदू शेजाऱ्यांकडे जातात.

मुलीच्या वर्गात कुणी पन्नासचं आणणार होतं, कुणी वीसचंच. कागदात बांधल्यावर पोरांना ते लगेच कळणार नव्हतं. (चमकीचा प्लास्टिक लावलेला कागद मात्र मला पटत नाही. तो सडत नाही, नुसता नालीत तुंबतो. पुढच्या वर्षी जुन्या कॅलेंडरचा कागद वापरू, असं मी तिला सांगितलंय.)

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो पटलं म्हणाला नाही, नाही पटलं असंही म्हणाला नाही. मला सेलोटेपचं टोक सापडत नव्हतं. त्याने रीळ माझ्या हातातून घेतलं आणि नखाने ते काढून दिलं.