मेलेल्याने पात्रता सिद्ध करावी!

शोकाची थट्टा करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे आणि तो योग्यच आहे. परंतु शोकाभोवती जो व्यवहार उभा राहतो त्याकडेही हसून पाहू नये, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या सोवळेपणामागे कोणाची सोय दडलेली आहे हे तपासले पाहिजे. मरणाकडे पाहून हसणारे काळे हसू मराठीला परके आहे, हा समजही खरा नाही.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 1608 साली येथे जन्मलेल्या नारायण ठोसराने ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून पळ काढला, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकाची चर्चा कमी होते. त्यात एका सामान्य संसारी माणसाचे चरित्र आहे. त्याची बायको मरते, तो आक्रोश करतो आणि पुन्हा लग्नाला उभा राहतो. मुले उदंड होतात आणि घरातली लक्ष्मी निघून जाते. पोटासाठी तो परमुलखाची वाट धरतो. म्हातारपणी घरातच नकोसा होतो. वाचताना हसू येते आणि ते घशात अडकते. मात्र या दुःखावर समर्थांचे उत्तर वैराग्याचे आहे. आपला मतभेद आहे तो येथे. माणूस केवळ मोहाने बुडत नाही. त्याला बुडविणारी व्यवस्थाही असते.

त्या व्यवस्थेचे कौटुंबिक रूप सतीश आळेकरांनी 1974 साली रंगभूमीवर आलेल्या ‘महानिर्वाण’मध्ये दाखविले. भाऊराव मरतात, पण गप्प बसत नाहीत. कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्याच मरणाचे आख्यान लावतात. जुने स्मशान बंद झालेले, आणि जळेन तर तिथेच, हा प्रेताचा हट्ट. चाळकऱ्यांचे ठराविक सांत्वन आणि विधवेच्या मनात जागी होणारी नवी ओढ पाहून प्रेक्षक हसला, तो शोकाला नव्हे. शोकाच्या साचेबंद विधीला.

पुढे 2009 साली सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ या चित्रपटाने हेच हसू विदर्भाच्या कोरडवाहू शेतात नेले. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर एक बाई धास्तावते, नवऱ्यावर पाळत ठेवायला पोराला मागे लावते. प्रेमालाच पहारेकरी व्हावे लागते, यातला विनोद आणि त्यातली भीती वेगळी करता येत नाही.

परंतु या सर्वांवर ताण करणारी कल्पित कथा शासनाच्या दप्तरात आहे. 2006 सालच्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्यासाठी मरणाची ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशी वर्गवारी होते. जमीन नावावर हवी. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे हवे. आणि ते फेडता न आल्यामुळेच मरण आलेले हवे. सातबारावर नाव नसलेली कष्टकरी बाई या हिशेबात शेतकरी ठरणे अवघड. बिनपरवाना सावकाराने पिळलेला माणूसही चुकीच्या कर्जाने मेला, असा याचा अर्थ! भाऊराव निदान स्वतःची बाजू मांडू शकले. येथे मेलेल्याची कागदपत्रे जमवत त्याची विधवा कचेरीचे उंबरठे झिजवते, आणि शोक करायला तिला सवड मिळत नाही.

2012-13 च्या दुष्काळात याच जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. वर्षानुवर्षे जोपासलेले झाड सरपण होते, तेव्हा त्या घरातल्या माणसाचे काय होते, याचा रकाना कोणत्याही नमुन्यात नाही. मदत मरणाच्या प्रकारावर नव्हे, तर मागे राहिलेल्यांच्या गरजेवर ठरली पाहिजे. बाईचे नाव सातबारावर चढले पाहिजे. आणि आधार मिळायचा तो माणूस जिवंत असताना मिळाला पाहिजे, कर्जाच्या प्रश्नावर आणि खचलेल्या मनालाही.

लेखकांकडून अपेक्षा इतकीच, की त्यांनी अश्रूंबरोबर हे काळे हसूही मागे ठेवू नये. कारुण्याने गहिवरलेली सत्ता दोन मिनिटे स्तब्ध उभी राहते आणि पुढच्या कामाला लागते. हसे झाले, की मात्र तिला उत्तर द्यावे लागते.