मेडिकल दुकान किती अंतरावर असावे?



अंतराचा विषय आपल्याला नवा नाही. दोन सऱ्यांत साडेचार फूट सोडायचे की पाच, यावर आम्ही याच पानांतून तुमच्याशी वाद घातलेला आहे. दोन कारखान्यांमधील 25 किलोमीटर हवाई अंतराची अट आणि तिच्यावरचा वाद तर सभासदांच्या तोंडपाठ आहे. यंदा गट सभांमधून निराळ्याच अंतराचा मुद्दा निघाला. कारखान्याच्या गेटपासून आणि शाळेपासून 500 मीटरच्या आत मेडिकल दुकान असू नये, असा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, अशी काही गटांतील सभासदांची मागणी आहे.

शेतकी खात्याचा आणि औषधाच्या दुकानाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. प्लॉट पाहणीला गेल्यावर उसाच्या सरीत आणि बांधाला खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या कोणाला दिसतात? आम्हालाच दिसतात. तोडणीच्या टोळ्यांशी आणि वाहनवाल्यांशी रोजचा संबंध आमचाच. पहाटे तीनला उठून मोळ्या बांधणारी बाई दुपारी म्हणते, "साहेब, कंबरंची गोळी घेतल्याबिगर कोयता उचलत न्हाई." यार्डात रांगेला लागलेला ट्रॅक्टरवाला एक गोळी जागे राहायला घेतो, आणि खेप खाली झाली की दुसरी झोप यायला. या गोळ्या लिहून कोणी दिल्या, असे विचारले तर उत्तर ठरलेले, "मेडिकलवाल्यानं दिली."

हे तोडकरी आणि ड्रायव्हर लोकांचे आहे, आपले नाही, असे समजून पान उलटू नका. आपल्याच घरातील पत्र्याच्या डब्यात पाहा. कधीकाळी डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली झोपेची अर्धी गोळी आबा पाच-सहा वर्षे घेत आहेत, आणि ती चिठ्ठी केव्हाच फाटली आहे, अशी घरे आमच्या माहितीत आहेत. शहरात पोरे ज्याला 'बटन' नाही तर 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती काही आकाशातून पडलेली वेगळी वस्तू नव्हे. ती या झोपेच्या आणि घाबरटपणावरच्या गोळ्यांच्याच जातीची असते. दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, देशात सुमारे 1 कोटी 18 लाख माणसे अशी गुंगीची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेतात, असा अंदाज दिला आहे. तेव्हा ठरावामागील तळमळ आम्हाला पूर्ण मान्य आहे. आमचा वाद आहे तो 500 मीटरशी.

हा आकडा कोठून आला, हे आम्ही ओळखून आहोत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आतील दारू दुकाने बंद करण्याचा आदेश दिला, तोच आकडा लोकांच्या डोक्यात बसला आहे. त्या आदेशाचे पुढे काय झाले, तेही आठवा. केरळात एका बारवाल्याने 2017 साली आपल्याच आवारात वळणावळणाची वाट बांधून अंतर भरून काढले! आकडा पाळला गेला, बाटली जागची हलली नाही. तंबाखूचेही तसेच. शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखू विकू नये, हा कायदा 2003 चा आहे. आपल्या भागातील शाळांसमोरच्या टपऱ्या मोजून पाहण्याचे काम आम्ही वाचकांवरच सोपवितो.

आणि मेडिकल म्हणजे टपरी नव्हे. टपरी उठली तर गावाचे कल्याणच होईल. मेडिकल उठले तर रात्री दीडला लेकराला ताप भरल्यावर जायचे कुठे? 2020 साली टाळेबंदीत बाकी सारे कुलूपबंद असताना हीच दुकाने उघडी होती, हे विसरून चालणार नाही. ज्या गावात एकच दुकान आहे, तेथे ही रेघ ओढली तर नशेबाज पोरगा मोटारसायकलला टांग मारून पुढच्या गावी जाईल, आणि साखरेची गोळी घेणारी म्हातारी घरी बसेल. दुसरी एक गोष्ट. अंतराच्या अटीचा खरा लाभ पुष्कळदा आधीपासून बसलेल्या दुकानदारालाच होतो, कारण त्याच्या शेजारी नवा येऊ शकत नाही. औषधांच्या धंद्यात घाऊक विक्रेता नेमताना विक्रेत्यांच्या संघटनेची ना-हरकत मागण्याची जी प्रथा पडली होती, ती स्पर्धा आयोगाने 2013 साली गैर ठरविली होती. तीच गोष्ट आपण ठरावाच्या मागच्या दाराने आत घेऊ नये.

दुकानांच्या जागेवर बंधन घालण्याचा प्रयोग अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालेला आहे, तो पाहण्यासारखा आहे. फ्लोरिडा राज्यात 2010 च्या सुमारास दुखण्यावरचे दवाखाने म्हणून जे उघडले होते, ती खरी गोळ्यांची दुकानेच होती. ऑक्सिकोडोन नावाची अफूच्या जातीची कडक गोळी डॉक्टर स्वतःच तेथे रोखीने विकत. आपल्या दवाखान्यातून ही गोळी सर्वांत जास्त देणारे सबंध अमेरिकेतील पहिले 100 डॉक्टर काढले, तर त्यांतील 98 एकट्या फ्लोरिडात निघाले. तेथील काउंट्यांनी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थांनी, आणि नगरपालिकांनी नव्या दवाखान्यांना स्थगिती दिली, कोणत्या भागात उघडावे यावर बंधने घातली. परिणाम काय? एका गावाने दार लावले की दवाखाना शेजारच्या गावात. पुढे 2011 साली राज्यानेच कायदा करून डॉक्टरांनी अशा गोळ्या दवाखान्यातून विकण्यावर बंदी आणली, आणि कोणाला किती गोळ्या दिल्या याची राज्यभर एकच नोंद ठेवण्यास त्याच वर्षी सुरुवात झाली. तेव्हा कोठे फरक पडला. 2010 ते 2012 या काळात तेथे औषधांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू 16.7 टक्क्यांनी आणि ऑक्सिकोडोनमुळे होणारे 52.1 टक्क्यांनी घटले. अर्थात काही धंदेवाले शेजारच्या जॉर्जिया राज्यात गेलेच.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे हुमणीसारखे आहे. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात. एकट्याने आपल्या बांधावरची झाडे हलवून भुंगेरे मारले आणि शेजारी गप्प बसला, तर अळी कोणाच्या उसाखाली निघायची ती निघतेच. सामुदायिक मोहीम का घ्यायची, हे आम्ही दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतो.

दुसरे उदाहरण तर गावकऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात केरमिट नावाचे जेमतेम 400 वस्तीचे गाव. तेथील एकाच औषध दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोनच्या जवळपास 90 लाख गोळ्या आल्या. चार्ल्सटन गॅझेट-मेल या वर्तमानपत्राच्या एरिक आयर या बातमीदाराने 2016 साली हे आकडे छापले, त्याबद्दल त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. आता सांगा, ते दुकान शाळेपासून 500 मीटरवर असते की 600 मीटरवर, याने काय फरक पडला असता? चारशे माणसांच्या गावात नव्वद लाख गोळ्या उतरत असताना वही कोणी उघडून पाहिली नाही, हे दुखणे होते.

वही आपल्याकडेही आहे. औषध नियमांत 'एच-1' नावाची अनुसूची 2014 च्या मार्चपासून लागू झाली. तीत झोपेच्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम या गोळ्या आहेत, कोडीन आहे, ट्रॅमाडॉल आहे. यांपैकी काही दिले तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि नग दुकानदाराने वेगळ्या वहीत लिहायचे, आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची. ट्रॅमाडॉल तर 2018 पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. मुलांच्या बाबतीत 2015 चा बाल न्याय कायदा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज लहान मुलाला नशेचे औषध देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कित्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी मेडिकल दुकानांत कॅमेरे बसविण्याचे आदेशही काढले. कायद्याची वाण नाही. मात्र दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. दारूच्या दुकानासाठी बायांनी मागणी केली तर उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान होते, तसा अधिकार मेडिकलच्या बाबतीत ग्रामसभेला नाही. ठराव करून तो औषध निरीक्षकाकडे पाठविणे एवढेच गावाच्या हाती.

मग कारखान्याच्या हाती काय आहे? आमच्या मते, बरेच आहे. गेटसमोरचे गाळे कारखान्याचे आहेत. यार्ड कारखान्याचे आहे. तेथे आपण घरमालक आहोत, आणि घरमालकाला अटी घालता येतात. यार्डाच्या आत कसलेही औषध विकू द्यायचे नाही, ही पहिली अट असावी. तेथे चहाच्या गाड्यावर गोळ्यांचे पाकीट मिळते, हे आता लपून राहिलेले नाही. गाळ्यांत मेडिकल असावे, पण एकच, आणि त्याच्या भाडेकरारात स्पष्ट लिहावे की दुकान उघडे असेल तेव्हा फार्मासिस्ट स्वतः हजर पाहिजे. भिंतीवर लावलेला परवाना एकाचा आणि गल्ल्यावर दहावी नापास पुतण्या, हे चालणार नाही. बिलाशिवाय गोळी नाही. एच-1 ची वही ठेवण्यात कसूर झाल्याचे औषध निरीक्षकांना आढळले, की करार संपला. वही तपासणे हे आपले काम नव्हे, रोग्याचे नाव चव्हाट्यावर येता कामा नये. पण निरीक्षकांनी हंगामात तपासणी करावी म्हणून संचालक मंडळाने लेखी मागणी करण्यात काही अडचण नाही. एखाद्या गाळ्याचे भाडे कमी येईल, अशी कुरकुर होईल. होऊ द्या.

हुमणीचा नियम इथेही आहेच. गेटवर कडक आणि शेजारच्या फाट्यावर मोकळे, असे झाले तर गिऱ्हाईक फाट्यावर जाईल. म्हणून लगतच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी एकाच महिन्यात एकाच मजकुराचा ठराव करून औषध निरीक्षकाकडे पाठवावा. 

आणि त्या कंबरेचे काय? गोळी बंद केली म्हणून मोळीचे वजन कमी होत नाही. ठरावाच्या मसुद्यात याबद्दल एक ओळही नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. हंगामात आठवड्यातून दोनदा, तोडणीवरून लोक परतल्यावर, म्हणजे संध्याकाळी, तळावर डॉक्टर बसला पाहिजे. दुपारी अकराला डॉक्टर आणून ठेवला तर तेथे भेटायला असते कोण? कोप्या आणि कुत्री. ट्रॅक्टरवाल्याला यार्डात दहा-बारा तास ताटकळत ठेवायचे आणि वर त्याने गोळी घेऊ नये म्हणायचे, हेही न्यायाचे नाही. यार्डातील रांग कमी करण्याचा विषय आमच्या आणि वाहतूक विभागाच्या पदरात आहे, तो या हंगामापूर्वी मार्गी लावण्यासाठी नंबर पद्धतीत बदल सुचविले आहेत.

हे वाचून कोणी घरातील झोपेची गोळी आज रात्रीपासून एकदम बंद करणार असेल, तर कृपा करून तसे करू नये. पुष्कळ दिवस घेतलेली ही गोळी अचानक सोडली तर आकडी येऊ शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. पोराच्या सवयीबद्दल गावात बोलायला संकोच वाटत असेल, तर सरकारची 14446 ही मोफत व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवा आहे.

गाळ्यांचे करार गळीत हंगामापूर्वी नव्याने व्हायचे आहेत. 500 मीटरच्या ठरावाऐवजी भाडेकराराच्या अटींचा हा मसुदा सभेपुढे यावा, असे ज्या सभासदांना वाटते त्यांनी आपली सूचना गट कार्यालयात लेखी द्यावी, म्हणजे ती विषयपत्रिकेसोबत संचालक मंडळाकडे पाठविता येईल.