गृहारोग्य : कोठारांतील अदृश्य विष

घरांत सेंद्रिय धान्य आणावें कीं नेहमींचें, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ कुटुंबांत चर्चिला जातो. रासायनिक खतें व औषधें यांवांचून पिकविलेलें धान्य सर्वथैव निर्धोक, असा अनेक भगिनींचा समज आहे. कीटकनाशकांपुरता त्यांत तथ्यांश आहे. परंतु बुरशीला हा भेद कळत नाहीं. दोहोंची तुलना करणाऱ्या पाहण्यांत कधीं एक सरस ठरलें, कधीं दुसरें, तर कधीं कांहींच अंतर आढळलें नाहीं. येथें मुख्य प्रश्न ओलाव्याचा आहे.

१९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत मक्याच्या कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका नीट वाळला नाहीं, आणि गोरगरिबांना तोच खावा लागला. ३९७ माणसांना कावीळ व जलोदर झाला. त्यांपैकीं १०६ दगावलीं. कुत्र्यांनाहि तोच विकार जडला. त्या मक्यांत ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीपासून उत्पन्न होणारें ॲफ्लाटॉक्सिन हें विष सांपडलें. तें अल्प प्रमाणांत दीर्घकाळ पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोगहि संभवतो. आपल्या देशांत धान्याच्या किलोमागें १५ मायक्रोग्रॅम ही त्याची कायदेशीर मर्यादा आहे. इतकें सूक्ष्म विष डोळ्यांस दिसत नाहीं कीं जिभेस कळत नाहीं.

बुरसलेलें धान्य धुऊन उन्हांत घातलें म्हणजे वास जातो, विष जात नाहीं. शिजविल्यानें वा भाजल्यानेंहि त्याचा पुष्कळसा अंश शिल्लक राहतो. म्हणून धान्य खडखडीत वाळवूनच भरावें. दाणा दातांखालीं कट्‌कन् फुटला पाहिजे. कणगी वा डबा ओलसर भिंतीस टेकवूं नये. शेंगदाणे निवडतांना सुरकुतलेले, काळपट व खवट दाणे वेगळे काढावे. हें विष बहुधा अशाच दाण्यांत एकवटलेलें असतें.

हें निवडलेलें मग कोठें जातें? ‘फुकट कां दवडा?’ म्हणून तें पुष्कळदां मोलकरणीच्या पदरांत किंवा गाईच्या पुढ्यांत पडतें. मोलकरणीच्या मुलांचें यकृत आपल्या मुलांच्या यकृताहून निराळें नसतें. आणि गाईच्या पोटांत गेलेल्या विषाचा कांहीं अंश दुधांतून आपल्याच बाळाच्या वाटींत परत येतो. तेव्हां काटकसरीचा मोह आवरून बुरसलेलें धान्य कोणाच्याहि मुखीं लागणार नाहीं, अशा रीतीनें पुरून टाकावें.